विषय क्रमांक सत्तेचाळीस

इतिवृत्त मी लिहायचो.
नाशिक महापालिका, स्थायी समिती,
पंख्याखालची खुर्ची, बावीस वर्षं.
इतिवृत्तात घसा खाकरल्याची नोंद नसते.
कुणी रागाने उठून गेलं, तरी "अनुपस्थित" एवढंच.

त्या वर्षी सभापती होत्या कुमुदिनी पहाडे.
घरून आणलेला तांब्या, तोंडाला दुहेरी पांढरं फडकं.
शिपायाने मांडलेल्या बाटलीला त्या हात लावत नसत.
सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही;
म्हणून काहीजण मुद्दाम सभा लांबवायचे.
त्या ओळखून असत,
पण घड्याळाकडे बघत नसत.

विषय क्रमांक सत्तेचाळीस:
कत्तलखाना. गटार, फरशी, सांडपाणी शुद्धीकरण.
एक कोटी बारा लाख.
तोवर ते लाल पाणी सरळ नासर्डीत जायचं.
आता तिला नंदिनी म्हणायचं.
नंदिनी म्हणजे वसिष्ठांची गाय.
पुढे ती गोदेला मिळते,
आणि गोदेत आपण डोळे मिटून बुडी मारतो.

खाली फाटकाशी त्यांच्याच समाजाची माणसं.
फलकावर: ताई, धर्म आठवा.
एकजण जिन्यापर्यंत आला, म्हणाला,
सही केलीत तर गजपंथाच्या पायऱ्या
कोणत्या तोंडाने चढाल?
त्या म्हणाल्या, ह्याच. गुडघे आहेत तोवर.

हमीद खाटीक निवेदन घेऊन आलेला.
कुडत्याला अत्तर, हात दोनदा धुतलेले.
ताई, कापणं काही थांबत नाही.
ते गल्लीत होतं. अंधारात. बोथट सुरीनं.
मग गडबडला: तुमच्यापुढं बोलू नये हे, पण...
त्यांनी डोळे मिटले नाहीत.
मी बघत होतो.

मतं सात-सात. एक गैरहजर.
निर्णायक मत सभापतींचं.
त्या माझ्याकडे वळल्या.
"लिहा. माझा विरोध आहे.
आणि माझी मंजुरी आहे."
मी म्हटलं, मॅडम, रकाना एकच असतो.

बराच वेळ नुसता पंखा फिरला.
खिडकीतला उजेड विटकरी होत गेला.
तांब्याचं फडकं त्यांनी सोडलं,
पाणी न पिताच पुन्हा बांधलं.
"मग मंजुरी लिहा," म्हणाल्या,
"विरोध मी घरी नेते."

आणि अंदाजपत्रकाच्या अठराव्या पानावर
जनावरांच्या शेडपुढे, शाईच्या पेनाने, स्वतः:
पाण्याची कुंडी, एक नग.
पत्रा पश्चिमेकडे तीन फूट वाढवणे, उन्हासाठी.
अभियंता हसला. मॅडम, ती तिथं असतात तासभर.
त्या म्हणाल्या, तासाभरात तहान लागते.

पुढच्या वेळी तिकीट मिळालं नाही.
कारण हेच, असं मी म्हणणार नाही;
पक्षाकडे कारणं पुष्कळ असतात.
क्षमावणीला त्या आल्या,
साहेबांच्या केबिनी ओलांडून थेट माझ्या टेबलाशी.
"तुमच्या हातून लिहून घेतलं. क्षमा करा."
मी नाही नाही म्हणत राहिलो
आणि खुर्चीतून उठायचंच विसरलो.

आता निवृत्त आहे.
रविवारी काळी पिशवी घेऊन निघतो.
मांडीचं, अर्धा किलो, रश्शापुरती चरबी.
गेल्या महिन्यात काय वाटलं कोण जाणे,
दुकानाआधी मागच्या शेडकडे वळलो.
कुंडी आहे. काठाला शेवाळ.
दोन बोकड मान घालून पीत होते.
तोटीला कुणीतरी फडकं बांधलंय,
पांढरं, दुहेरी,
कडेने पिवळं पडत आलेलं,
पण गाठ ताजी.

दुकानात आलो. हमीदला विचारलं,
ते फडकं कोण बदलतं रे?
तो तराजू पुसत होता.
वर न बघता म्हणाला,
अर्धाच ना?